जास्तीचा साचा

१

आमच्या घरात आधी सुरी होते, मग म्यान. हा क्रम मीच जपत आले. माझ्या नवऱ्यावर, बाळकृष्णांवर, सोडलं असतं तर म्यानं राहिली असती बाजूला आणि घरभर उघड्या सुऱ्या लोळल्या असत्या. सुऱ्या म्हणजे लोखंडाच्या नव्हेत हं, दगडाच्या. लोकांना सांगितलं की आधी हसतात. मग हातावर एक ठेवली की गप्प होतात. गारेच्या दगडाची ताजी कड पिकल्या टोमॅटोवर नुसती टेकवली तरी आत जाते.

हे चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात टूलरूमला होते तोवर सगळं ठीक होतं. निवृत्त झाले आणि रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी गत झाली. कुठेतरी मोबाइलवर पाहिलं, तिरुवळ्ळूरकडच्या ओढ्यांतून गोटे उचलून आणले आणि लागले ठोकायला. मी म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे, जाईल. पण हात पडला कारखान्यातला. वर्षभरात अशा सुऱ्या निघायला लागल्या की शाळा-कॉलेजांतले लोक मुलांना अश्मयुगातली हत्यारं दाखवायला म्हणून मागून नेऊ लागले. मग उघडी सुरी कुणाच्या हातात द्यायची कशी? म्हणून म्यान. आणि शिवणकाम म्हटलं की घरात दुसरं आहे कोण!

म्यान कच्च्या कातड्याचं. कमावलेलं नाही, मृदंगाला लावतात तसलं, बकरीचं. पेरियमेटच्या बाजारातून आणायचं. बादलीत भिजत घातलं की ओल्या पापडासारखं लिबलिबीत होतं आणि वाळलं की हाडासारखं कडक. ओलं असताना ज्याच्यावर ताणाल त्याचा आकार घेतं आणि मग तो सोडत नाही. अडचण एवढीच की दगडाची कड ओलं कातडं फाडते. म्हणून हे प्रत्येक सुरीचा एक लाकडी साचा करतात. कडुनिंबाच्या फांदीचा, सुरीच्याच मापाचा, फक्त कडा बोथट. साचे माझ्या खिडकीतल्या ताटलीत येऊन पडतात. मी त्यांच्यावर कातडं ताणते, आरीने भोकं पाडते, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवते आणि वाळलं की साचा ओढून काढते. मग सुरी आत जाते ती खट् करून. त्या आवाजावर हे खूश.

बसायची जागा गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. मांडीवर जाड चामड्याचा तुकडा, हातात तांब्याची टोपी बसवलेला दांडा. काम चालू असताना मान वळवायची नाही, ही एक खोड. काही हवं असलं की नुसता हात मागे, तळवा उघडा. पाणी हवंय, फडकं हवंय की म्यान, ते मी ओळखायचं. आणि मी ओळखते. लग्न करून कराडहून चेन्नईतल्या ह्या आदंबाक्कममध्ये आले तेव्हा तमिळचं अक्षर येत नव्हतं, पण ह्या माणसाचा हात तेव्हापासून वाचता येतो.

आणि खोकला. तो गेल्या दिवाळीपासूनचा. दगडाची धूळ, दुसरं काय. तोंडाला फडकं बांधा म्हटलं तर म्हणायचे, श्वास कोंडतो. आता बोला!

२

वैशाखातली सकाळ होती. गच्चीवर दोन सुऱ्या तयार होत्या, आणि ताटलीत साचे तीन.

"अहो, तिसरी कुठली?" मी आतूनच ओरडले.

"तिसरी काय?"

"सुरी हो. साचे तीन दिलेत तुम्ही."

हे चहाचा पेला घेऊन आले. तिसरा साचा उचलला, उलटा केला, नखाने तासलेल्या कडा चाचपल्या. बाकीच्या दोनांपेक्षा तो वीतभर नाही पण चांगला लांब होता आणि टोकाला किंचित वाकलेला. ह्यांनी कधी वाकडी सुरी केली नव्हती.

"तासणी माझी आहे," हे म्हणाले. "पण हा मी नाही केला."

"मग काय मी केला? का कावळ्याने आणून टाकला?"

"मी नाही केला, विद्युलता." आणि लागले खोकायला. चहा सांडला लादीवर.

मी फार मनावर घेतलं नाही. साठी उलटली की माणूस कालचं विसरतो आणि शाळेतलं सांगत बसतो. केला असेल कधीतरी, सुरी तुटली असेल, साचा राहिला असेल. घरात गोष्टी अशाच जमतात. मी साचा बाजूला ठेवला आणि दोन म्यानं शिवायला घेतली.

शिवून झाली तर बादलीत कातड्याचा एक लांबट तुकडा उरला. भिजलेलं कातडं परत वाळवून ठेवता येत नाही, ते पापुद्रे धरतं, वास मारतं. टाकून द्यायचं तर माझ्या जिवावर येतं. आमच्या माहेरी उरलेल्या कणकेची एक चिमुकली पोळी तरी करायचेच, तसली मी. तिसरा साचा समोर होता. म्हटलं, होऊन जाऊ दे.

शिवताना मात्र हात जरा अडखळला. माझी आई पोटुशीच्या घरात आधीपासून अंगडं-टोपडं शिवू द्यायची नाही. जन्माआधी कपडा शिवला की काय होतं, असं विचारलं तर ती पुढे बोलायची नाही, नुसती डोळे मोठे करायची. मला तेव्हाही हसू यायचं आणि त्या दिवशीही आलं. दगडाला कसलं आलंय डोहाळजेवण!

तिन्ही म्यानं इन्व्हर्टरवर वाळत ठेवली. चेन्नईची हवा ही, समुद्राची. इथे पापड वाळत नाहीत तर कातडं काय वाळणार! पहिली दोन तशीच ओली राहिली, सालाबादप्रमाणे. तिसरं दुसऱ्या दिवशी सकाळी कडकडीत होतं. टिचकी मारली तर लाकडासारखं वाजलं. आत इन्व्हर्टरचा पंखा त्याच बाजूला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. साचा काढायला एरवी मला पाय लावून ओढावं लागतं. हा बोटं टेकवली आणि आपणहून बाहेर आला.

मी तो खिडकीत ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर तिथे नव्हता. खालच्या हरिप्रियाचं पोर येऊन-जाऊन असतं, त्याने नेला असेल खेळायला. मी विचारलंसुद्धा नाही.

३

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सांगितलं की दगड बंद. कमी करा नाही, बंद. धूळ आत बसली आहे, जी बसली ती निघायची नाही, आणखी बसू द्यायची की नाही एवढंच तुमच्या हातात. पुढच्या स्कॅनमध्ये वाढलेलं दिसलं तर ऑक्सिजनचं नळकांडं घरात आणावं लागेल.

 मी घरी येऊन जे तोंड सोडलं ते सोडलंच. गच्चीवर गेले, गोटे पोत्यात भरले, दांडा भरला, चामडं भरलं, वर ताडपत्री बांधली. हे टाकीला टेकून उभे राहिले होते, लहान पोराचं खेळणं काढून घ्यावं तसा चेहरा करून. माझं काळीज तुटत होतं, पण तोंड थांबेना.

"मला सुऱ्या नकोत, कौतुक नको, काही नको," मी म्हटलं. "मला माझा धडधाकट नवरा परत हवाय. तेवढा द्या कुणीतरी आणून."

"बरं बाई," हे म्हणाले. "सोडलं. शब्द देतो."

मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राशेजारी गळ्यात अडकवली. हसा हवं तर. तिसरं म्यान तेवढं स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकत राहिलं. त्यात बसेल अशी सुरीच घरात नव्हती.

४

आवाज सुरू झाला तो दुपारचा.

टक्. मग थोडा वेळ काही नाही. टक्, टक्. मग खरवड. ज्याने हा आवाज वर्षानुवर्षं डोक्यावर ऐकलाय त्याला तो चुकायचा नाही. पण मी चुकवला. मेट्रोचं काम चाललंय, म्हटलं. समोरच्या इमारतीत लाद्या बसवतायत. शहाळेवाला कोयता चालवतोय. कारणांना काय तोटा! मी उठून टीव्ही मोठा केला, मग बंद केला, मग उगाच डाळीचे डबे पुसायला काढले. एका जागी बसवेना.

हरिप्रिया वर आली. ती आणि तिचा नवरा वेंकट तळमजल्यावर राहतात. तंजावरकडची मराठी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. त्यांची मराठी जुनी, मधेच तमिळ, पण कानाला गोड.

"अक्का, पिल्ला निजत नाही," ती म्हणाली. "सरांना सांगा की, दुपारी टक टक नको. संध्याकाळी करू देत."

"अगं, सर तर करत नाहीत आता. बंद केलंय."

"अय्यो, आताच ऐकलं की मी. आपल्याच गच्चीवर."

मी तिला बोट दाखवलं. हे बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते, मांडीवर पेपर, डोळे मिटलेले. आणि तेवढ्यात वरून आलं, टक्. हरिप्रियाने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि "सरी अक्का, येते मी, पिल्ला उठेल," म्हणून भराभरा खाली गेली. त्यानंतर ती तक्रार घेऊन आली नाही. दुपारी पोराला घेऊन बहिणीकडे जायला लागली.

५

मी भित्री नाही. कराडात नदीकाठचं घर आमचं, पुराच्या पाण्यात साप घरात यायचे ते मी केरसुणीने काढलेत. गेले वर.

कुलूप जसंच्या तसं होतं. उघडलं. रणरणतं ऊन, लादीवर पाय टेकवत नव्हता. ताडपत्री बांधलेली, माझीच गाठ. माणूस नाही, काणूस नाही. पण टाकीच्या सावलीत, हे बसतात त्या जागी, कपच्या पडल्या होत्या. नव्या. जुनी कपची धुळीने मळकी होते. ह्या दुधाच्या सायीसारख्या स्वच्छ, आणि ठिणगीनंतर येतो तसला करपट वास अजून हवेत होता. मी एक उचलली आणि बोट कापून घेतलं.

खाली आले ती पेटूनच.

"दुसरी किल्ली कुठाय?"

"कसली किल्ली?"

"सोंग नका करू. शब्द दिलात ना? माझ्या डोळ्यात धूळ, आणि स्वतःच्या छातीत धूळ, चांगला उद्योग आहे!"

 ह्यांनी दोन्ही हात पुढे केले.  चहाचा पेला धरवत नव्हता त्यांना हल्ली, हे मला ठाऊक होतं. ते हात दांडा कुठले धरणार!

"मला वाटलं, तूच कुणाला तरी बसायला दिलंस," हे हळू म्हणाले. "रागावू नकोस. पण फार चांगलं ठोकतो गं."

"कोण?"

"कोण ते मला काय माहीत! ऐक." वर पुन्हा सुरू झालं होतं. ह्यांनी मान तिरकी केली, गाण्याच्या मैफलीत करतात तशी. "हा दांडा जरा आडवा धरतो. मला कधी जमलं नाही. बघ, आता थांबला. कड घासून घेतोय, म्हणजे पुढची कपची लांब निघेल." टक्. "निघाली. बघितलंस? एकदाही तुटली नाही त्याची."

हे हसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.  ह्या माणसाला भीती वाटत नव्हती, हेवा वाटत होता.

त्यानंतर घरात जेवणाचा आणि झोपेचा काही ताळतंत्र राहिला नाही. हे ताट सारून आरामखुर्चीत जाऊन बसायचे आणि ऐकायचे. खोकला आला तर तोंडात पदरासारखं लुंगीचं टोक कोंबायचे, वरचा आवाज बुडू नये म्हणून. अंगावरचं मांस उतरलं. मी एकदा रागारागाने ते खिळ्यावरचं म्यान भिजत घातलं, म्हटलं होऊ दे लिबलिबीत, वळकटी करून टाकते कचऱ्यात. तासाभराने पाहिलं तर बादलीतलं पाणी कोमट झालेलं आणि म्यान तसंच कडक, कोरडं. मी ते उचलून परत खिळ्याला लावलं. का लावलं, विचारू नका. सवयीने.

पुण्याला ऊर्मीला फोन केला. आमची एकुलती मुलगी. म्हटलं, घरात काहीतरी चाललंय. ती म्हणाली, "आई, तू दमली आहेस. बाबांचं स्कॅन होऊ दे, मग मी येते." बरोबरच होतं तिचं. मी तरी तिच्या जागी दुसरं काय म्हटलं असतं?

६

स्कॅन एग्मोरला होतं. वेंकटचं रेल्वेचं ऑफिस तिथेच, म्हणून तो म्हणाला, मी नेतो सरांना, मीच आणतो. मला जायचं होतं. पण त्याच सकाळी पाण्याची लॉरी येणार होती, आणि ह्या उन्हाळ्यात लॉरी चुकवली की पुन्हा नंबर कधी लागेल ते देवालाही सांगता यायचं नाही. मी राहिले. जिन्यावरून उतरताना हे दर पायरीला थांबत होते. वेंकटने कंबरेत हात घातला होता.

लॉरी आली, खालची टाकी भरली, गेली. मी पंप लावला. आणि वर सुरू झालं.

आज निराळं होतं. घाव नाहीतच जवळजवळ. नुसतं बारीक बारीक खुडणं, भाजी निवडावी तसं. मला हे काम ओळखू येतं. हे शेवटचं असतं, कडेला बारीक दाते पाडायचं. मी स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत, अशा किती येरझाऱ्या घातल्या कोण जाणे. कुकर लावला आणि शिट्टी लावायला विसरले.

फोन वाजला. हेच होते. मागे रेल्वे स्टेशनची तमिळ घोषणा ऐकू येत होती.

"झालं स्कॅन," हे म्हणाले आणि खोकले. खूप वेळ. "रिपोर्ट वेंकटच्या हातात आहे. तो काही सांगत नाही, म्हणजे समजून जा. निघतोय आम्ही." मग आवाज बदलला. "चालू आहे का गं अजून?"

मी फोन वर धरला. छताकडे. काय वेडेपणा! पण धरला.

तेवढ्यात खुडणं थांबलं.

"थांबला ना?" हे म्हणाले. "मग झाली त्याची सुरी. आता म्यान लागणार. त्याचं त्याला देऊन टाक, विद्युलता, आणि मोकळी हो. जाऊ दे त्याला."

मला ते पटलं. खरंच पटलं. ज्याचं आहे ते त्याला दिलं की तो जाईल. पाहुणा असो की भिकारी, दारात उभा राहिला की हातावर काहीतरी ठेवून वाटेला लावायचा असतो. मी खिळ्यावरून म्यान काढलं, गळ्यातली किल्ली काढली आणि वर गेले.

मला दुरून फेकायचं होतं. दारातूनच फेकायचं, कुलूप घालायचं, की संपलं. टाकीच्या सावलीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं. बनियन, चट्ट्यापट्ट्याची लुंगी, मांडीवर चामडं. केस पांढरे. पण खांदे भरलेले होते, रुंद, कारखान्यातून येताना स्टेशनपासून सायकल मारायचे तेव्हा होते तसे. श्वास संथ चालला होता, पाठ वर जात होती, खाली येत होती, कुठेही न अडकता. मी किती दिवसांत अशी पाठ पाहिली नव्हती! मला भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं.

मान वळली नाही. हात मागे आला. तळवा उघडा.

तो हात काय मागतोय हे मला कुणी सांगायला नको होतं. मी विचार केलाच नाही, आणि खरं सांगायचं तर विचार करायची वेळच आली नाही. पाय पुढे गेले आणि मी म्यान त्या तळव्यावर ठेवलं. बोटं माझ्या बोटांना लागली. गरम नव्हती, गार नव्हती. गुळगुळीत होती आणि पैलू पाडल्यासारखी, आणि ताज्या तासलेल्या निंबाचा कडवट वास आला.

खट्.

"झालं," ह्यांच्या आवाजात कुणीतरी म्हणालं. "चल, वाढ. भूक लागली."

"वाढते," मी म्हटलं.

७

मी जिना उतरले. मागून पावलं येत होती, चपलेची, डाव्या पायाची जरा घासत. मी वळून पाहिलं नाही. कशाला पाहू? आपला माणूस मागून येत असला तर बाई वळून बघते का? असं मी स्वतःशी म्हणत होते. एका बाजूला डोकं सांगत होतं की विद्युलता, हे एग्मोरला आहेत, आत्ता फोनवर बोललीस. दुसऱ्या बाजूला हात ताटं घेत होते.

न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज आला. हात धुतल्याचा, चूळ भरल्याचा. मी कुकर उघडला, भात काढला, सांबार वाढलं, लिंबाची फोड ठेवली. नळाच्या आवाजातून गुणगुणणं ऐकू आलं. ह्यांना लग्नाआधीपासून गुणगुणायची सवय. दिवाळीपासून श्वास पुरत नव्हता म्हणून सुटली होती. मी पळी हातात धरून ऐकत उभी राहिले. एवढंच ऐकायचं होतं मला, सहा महिने झाले. एवढंच मागितलं होतं.

न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं. पंचा घ्यायला हात बाहेर आला, कोपरापर्यंत. ओला झाल्यावर त्याचा रंग गडद झाला होता, पाऊस पडलेल्या लाकडासारखा, आणि कोपराजवळ तासायची एक जागा राहून गेली होती. मग हात पंचासकट आत गेला.

पाट मांडू की टेबलावर वाढू, असं मी विचारणार होते. तोंड उघडलं आणि बेल वाजली.

मी दारापाशी गेले. कडीवर हात ठेवला. पलीकडे खोकला होता. जिना चढून आलेला, थांबायचं नाव न घेणारा, मधेच शिट्टीसारखा वाजणारा खोकला. भिंतीला टेकल्याचा, सरकत खाली बसल्याचा आवाज आला.

"अक्का, दार उघडा," वेंकटचा आवाज. "सरांना बसवत नाही. डॉक्टर म्हणाले, नळकांडं आजच पाहिजे. मी फोन करतो, तुम्ही दार उघडा की लवकर."

आणि मग ह्यांचा, अगदी बारीक. "विद्युलता, दिलंस ना त्याला? गेला ना?"

मी कडी धरून उभी होते. कडी जड नाही आमची. एका बोटाने निघते. मागे नळ बंद झाला. पावलं बाहेरच्या खोलीपर्यंत आली आणि माझ्या पाठीशी थांबली. माझ्या मानेवर संथ, भरलेला श्वास येत होता.

"कोण आहे गं?" मागून विचारलं. स्वच्छ आवाज, कुठेही न अडकलेला.

"अक्का!" वेंकट दार वाजवत होता.

मी कडीवरचा हात काढला.

"कोणी नाही," मी म्हटलं. "बसा तुम्ही. भात निवतोय."